जोडीत तिसरा बजी

बजी हा थव्यात राहणारा पक्षी आहे. घरात आधीपासून नांदणाऱ्या जोडीमध्ये नवा बजी सामावला जातो तो याच स्वभावामुळे. मात्र रानातला थवा आणि घरातला पिंजरा यांत एक मोठा फरक असतो. रानात ज्याचे पटत नाही त्याला उडून दुसऱ्या झाडावर जाता येते, पिंजऱ्यात ती वाट बंद असते. म्हणून नव्या पक्ष्याची जोडीशी ओळख करून देताना पाळणाऱ्याचे मुख्य काम एकच: भांडायला कारण उरणार नाही एवढी जागा, एवढ्या वाट्या आणि एवढा वेळ पक्ष्यांना मिळवून देणे.

बजी, म्हणजेच बजरीगार, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्याचे शास्त्रीय नाव मेलोप्सिटॅकस अंड्युलेटस. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी १८०५ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि १८४० मध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गुल्ड यांनी जिवंत बजी इंग्लंडला नेले. तिथून तो जगभरच्या घरांत पोचला. लांबी सुमारे १८ सेंटिमीटर, वजन ३० ते ४० ग्रॅम, हिरवे अंग, पिवळे डोके आणि पाठीवर काळ्या लहरी हे त्याचे रानातले रूप. निळे, पांढरे, गर्द पिवळे आणि ठिपकेदार बजी माणसाने केलेल्या पैदाशीतून आले. महाराष्ट्रात बहुतेक दुकानदार आणि पाळणारे त्याला ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतला, जाड चोचीचा, अंगाने भरलेला आणि बराच भांडखोर पक्षी आहे. त्याला बजींच्या पिंजऱ्यात ठेवले, तर बजींचे पाय आणि चोची जखमी होण्याचा मोठा धोका असतो. त्यामुळे पुढचे सगळे विवेचन बजीमध्ये बजी आणण्यापुरतेच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात बजी गवताचे बी आणि पाणी शोधत फिरतात. जिथे पाऊस होतो तिथे जमतात, बी संपले की पुढे सरकतात. चांगल्या पावसानंतर त्यांचे थवे हजारोंच्या संख्येने दिसतात. अशा फिरत्या जगण्यात नवे पक्षी सतत येऊन मिळतात आणि जुने निघून जातात, त्यामुळे अनोळखी बजी दिसणे ही बजीच्या लेखी नेहमीचीच गोष्ट. एका गोष्टीत मात्र तो वाटेकरी खपवून घेत नाही. बजी झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. एकाच निलगिरीच्या झाडावर अनेक जोड्या राहतात, पण प्रत्येक मादी आपल्या ढोलीचे तोंड जिवाच्या कराराने राखते. थवा सगळ्यांचा असतो, ढोली एकाच मादीची. पिंजऱ्यात होणाऱ्या बहुतेक गंभीर मारामाऱ्यांचे मूळ इथे आहे.

दुसरी लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे हाका. बजी एकमेकांशी संपर्क ठेवण्यासाठी छोट्या, ठरावीक हाका देतात. एकत्र ठेवलेल्या बजींच्या हाका काही आठवड्यांत एकमेकांच्या हाकांसारख्या होत जातात, आणि जोडी जमताना नर मादीची हाक उचलतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. जुन्या जोडीची अशी सामाईक हाक आधीच तयार असते. नव्या पक्ष्याला त्या बोलीत शिरायला वेळ लागणारच. ओळख दोन दिवसांत उरकत नाही, तिला आठवडे लागतात, याचे हे एक साधे कारण.

तिसरा आणावा का?

सगळ्यात आधी विचार करायचा तो संख्येचा. तीन बजींमध्ये दोघांचे घट्ट जमले, तर तिसरा एकटा पडतो. जोडी एकमेकांची पिसे साफ करते, एकमेकांना भरवते, झोपताना खेटून बसते, आणि तिसरा बाजूच्या दांडीवर एकटाच राहतो. प्रत्येक वेळी असे होतेच असे नाही. तीन नर वर्षानुवर्षे आनंदाने एकत्र राहिल्याची उदाहरणे भरपूर आहेत. तरीही जागा आणि खर्च परवडत असेल, तर एकाऐवजी दोन पक्षी आणून चौघांचा लहान थवा करणे जास्त सुरक्षित ठरते. तेही शक्यतो दोघे एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून आणावेत, म्हणजे विलगीकरणाच्या काळात त्यांना एकमेकांची सोबत मिळते.

दुसरा विचार नर-मादीचा. बजींमध्ये मादी नरापेक्षा जास्त तापट असते आणि तिचा चावाही जोराचा असतो. नर-मादीच्या जोडीत दुसरी मादी आणणे ही सगळ्यात धोक्याची मांडणी. दोघींच्या मनात एकच नर आणि एकच ढोली असते, आणि दोन माद्यांची मारामारी जिवावर बेतू शकते. दोन नरांमध्ये एक मादी आणली, तर आतापर्यंत मित्र असलेले नर तिच्यावरून झगडू लागतात. नर-मादीच्या जोडीत नर आणल्यास धुसफूस होते, पण घरट्याची सोय नसेल तर ती बहुधा आटोक्यात राहते. दोन नरांमध्ये तिसरा नर ही सगळ्यात सोपी मांडणी. दोन माद्यांमध्ये तिसरी मादी आणायची असेल, तर पिंजरा नेहमीपेक्षा बराच मोठा हवा आणि लक्षही जास्त द्यावे लागते.

तिसरा विचार वेळेचा. जोडीची अंडी किंवा पिल्ले असतील, तर नवा पक्षी आणण्याचे नावही काढू नये. बजीची मादी साधारण चार ते सहा अंडी घालते, १८ दिवस उबवते आणि पिल्ले पाचएक आठवड्यांनी घरट्याबाहेर येतात. पिल्ले स्वतःचे दाणे खाऊ लागेपर्यंत, घरटे काढून टाकेपर्यंत आणि त्यानंतर मादी शांत होईपर्यंत थांबावे. जोडीतला एखादा पक्षी आजारी असेल, नुकतीच पिसे झडत असतील, घरात रंगकाम किंवा बांधकाम चालू असेल, तरीही थांबणेच बरे. दिवाळीच्या फटाक्यांचे दिवस टाळावेत. आवाजाने बिथरलेले पक्षी रात्री पिंजऱ्यात आपटतात, आणि नव्या पक्ष्याला तर लपायची जागाही माहीत नसते.

चौथा विचार पिंजऱ्याचा. बजी हेलिकॉप्टरसारखा सरळ वर जात नाही, तो आडवा उडतो. म्हणून उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. तीन बजींसाठी पिंजऱ्याची लांबी निदान ९० ते १०० सेंटिमीटर, रुंदी आणि उंची ४५ ते ५० सेंटिमीटर असावी. याहून मोठा पिंजरा कधीही चांगला. दोन तारांमधले अंतर सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर डोके अडकते. गोल पिंजरे टाळावेत, त्यांत उडायला सरळ जागा मिळत नाही. गंजलेली जाळी किंवा जस्ताचा लेप सुटत असलेली जाळी वापरू नये. बजी तारा चघळतो आणि जस्त त्याला विषारी ठरते.

पक्षी निवडताना

नवा पक्षी शक्यतो तरुण असावा. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या बजीच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात. पहिली पिसे झडल्यावर कपाळ मोकळे होते. लहान बजीचे डोळे पूर्ण काळे दिसतात, वय वाढल्यावर बुबुळाभोवती फिकट कडे येते. तरुण पक्षी मोठ्या जोडीपुढे हक्क सांगत नाही, त्यामुळे जोडीही त्याला लवकर सोसते.

नर-मादी ओळखायची खूण चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती असलेल्या मांसल पट्ट्यावर मिळते. प्रौढ नरात हा पट्टा निळा, तर मादीत फिकट किंवा तपकिरी असतो. विणीच्या काळात मादीचा पट्टा गडद तपकिरी आणि खरखरीत होतो. लहान वयात नराचा पट्टा सरसकट गुलाबी-जांभळट असतो, मादीच्या नाकपुड्यांभोवती मात्र पांढरट कडी दिसतात. पूर्ण पिवळ्या, पूर्ण पांढऱ्या आणि काही ठिपकेदार जातींच्या नरांचा पट्टा मोठेपणीही गुलाबीच राहतो, त्यामुळे अशा पक्ष्यांची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. विक्रेत्याने ‘नर’ म्हणून दिलेली मादी निघाली, तर सगळी मांडणी बिघडते.

तब्येतीची पाहणी दुकानातच करावी. निरोगी बजी सावध असतो, पिसे अंगाला चिकटलेली असतात, डोळे आणि नाकपुड्या कोरड्या व स्वच्छ असतात, शेपटीखालची पिसे विष्ठेने माखलेली नसतात. दुपारी सगळे पक्षी हालचाल करत असताना जो पिसे फुगवून कोपऱ्यात किंवा तळाशी बसलेला असतो, तो आणू नये. श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत असेल, तर श्वसनाचा त्रास आहे असे समजावे. चोचीवर, डोळ्यांभोवती किंवा पायांवर पांढरट, बारीक छिद्रांचा खरखरीत थर दिसला, तर ती बजींमध्ये नेहमी आढळणारी सूक्ष्म किडीची बाधा असते. औषधाने ती बरी होते, पण इतरांना लागते. पंखही उघडून पाहावेत. काही विक्रेते उडण्याची पिसे कापून ठेवतात. असा पक्षी जोडीच्या हल्ल्यातून निसटू शकत नाही, म्हणून नवी पिसे येईपर्यंत त्याला जोडीत सोडू नये.

विलगीकरणाचा महिना

घरी आणलेला पक्षी कितीही ठणठणीत दिसला, तरी त्याला थेट जोडीच्या शेजारी ठेवायचे नसते. पक्षी आजार लपवतात. थव्यात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, त्यामुळे अगदी शेवटपर्यंत ते बरे असल्यासारखे वागतात. शिवाय काही रोग अंगात शिरल्यावर दिसायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून नव्या बजीला निदान ३० दिवस, शक्य असल्यास ४५ दिवस, वेगळ्या खोलीत ठेवावे. एकाच खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवणे म्हणजे विलगीकरण नव्हे. पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ हवेतून पसरते.

या धुळीतून पसरणारा सगळ्यात महत्त्वाचा रोग म्हणजे सिटॅकोसिस. क्लॅमिडिया सिटॅसी या जिवाणूमुळे होणारा हा रोग पक्ष्यांकडून माणसालाही लागतो. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून निर्यात झालेल्या पोपटांमुळे अमेरिका आणि युरोपातल्या अनेक देशांत त्याची साथ आली होती. माणसात ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला अशी लक्षणे दिसतात. नवा पक्षी आणल्यानंतर घरात कुणाला असा त्रास झाला, तर घरात पक्षी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. योग्य प्रतिजैविकाने हा रोग बरा होतो. बजींमध्ये जठरातली बुरशी हा आणखी एक चिवट आजार. असा पक्षी सारखा खाताना दिसतो, तरी वाळत जातो. पिल्लांची आणि तरुण पक्ष्यांची पिसे झडवणारे विषाणूही आहेत. एका पक्ष्यामुळे तिघे आजारी पडण्यापेक्षा एक महिन्याची वाट परवडते.

विलगीकरणात कामाचा क्रम पाळावा. आधी जुन्या जोडीचे दाणापाणी आणि सफाई करावी, मग नव्या पक्ष्याचे. त्यानंतर साबणाने हात धुवावेत आणि जमल्यास अंगावरचा कपडा बदलावा. वाट्या, फडके, ब्रश दोन्हीकडे वेगळे असावेत. विष्ठा कोरडी झाडू नये. ती ओलसर कागदाने टिपून काढावी, म्हणजे धूळ उडत नाही. तळाला साधा कागद अंथरला, तर विष्ठेचा रंग आणि घट्टपणा रोज पाहता येतो.

याच काळात नव्या पक्ष्याची पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, तर जंत, एकपेशीय परजीवी आणि बुरशी यांचा बराच अंदाज येतो. पक्ष्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य सगळीकडे सहज मिळत नाही. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून उपचारकेंद्रे आहेत, तिथे चौकशी करता येते. घरी एका गोष्टीची नोंद जरूर ठेवावी, ती म्हणजे वजन. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आठवड्यातून दोनदा, सकाळी दाणे घालण्याआधी वजन घ्यावे. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचे वजन तीन-चार ग्रॅमने उतरले, तर ती धोक्याची सूचना असते.

हा महिना नुसता वाट पाहण्यात घालवायचा नसतो. या दिवसांत नवा पक्षी घरातल्या आवाजांना आणि माणसांच्या वावराला सरावतो. त्याचा आहारही जोडीच्या आहाराशी जुळवून घ्यावा. राळा, बाजरी आणि इतर बारीक तृणधान्यांचे मिश्रण, कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा कोवळा पाला, किसलेले गाजर, कोवळ्या मक्याचे कणीस आणि चुन्यासाठी समुद्रफेस असा आहार चालतो. राळ्याचे सबंध कणीस हा बजींचा आवडता खाऊ, पुढच्या टप्प्यांत त्याचा फार उपयोग होतो. अव्होकाडो, चॉकलेट, कांदा, लसूण आणि खारट पदार्थ देऊ नयेत. पावसाळ्यात ओला पाला आणि मका दोन-तीन तासांत काढून टाकावा, दमट हवेत तो लवकर आंबतो.

शेजारी पिंजरे

विलगीकरण निर्वेध पार पडले, की नव्या पक्ष्याचा पिंजरा जोडीच्या खोलीत आणावा. पहिले दोन-तीन दिवस दोन पिंजऱ्यांत दोन मीटरपर्यंत अंतर ठेवावे आणि मग ते रोज थोडे कमी करत जावे. शेवटी पिंजरे जवळजवळ लागून येतात, पण मध्ये थोडी जागा राखावी. तारांतून बाहेर आलेली बोटे चावली जाण्याचा धोका असतो. पायाचे बोट तुटणे ही बजींमधली नेहमीची जखम आहे.

दोन्ही पिंजरे एकाच उंचीवर असावेत. ज्याचा पिंजरा वर, तो स्वतःला वरचढ समजतो आणि खालचा दबून राहतो. दोन्हीकडे दाणे एकाच वेळी घालावेत, आणि दोन्ही पिंजऱ्यांच्या समोरासमोरच्या बाजूंना राळ्याची कणसे टांगावीत. बजी एकत्र खाणारा पक्षी आहे. एकाने खायला सुरुवात केली की दुसऱ्यालाही भूक लागते. एकमेकांकडे पाहत निवांत खाणे ही ओळखीची पहिली पायरी.

हा टप्पा साधारण एक ते दोन आठवड्यांचा. दोन्हीकडचे पक्षी जवळच्या बाजूच्या दांड्यांवर येऊन बसू लागले, एकमेकांना उत्तरे देऊ लागले, एकाच वेळी डुलक्या घेऊ लागले, तर पुढे जायला हरकत नाही. जोडीतला एखादा पक्षी तारांवर चढून चोच उघडून धावून येत असेल, किंवा नवा पक्षी सतत लांबच्या कोपऱ्यात आक्रसून बसत असेल, तर अंतर पुन्हा वाढवावे आणि आणखी काही दिवस जाऊ द्यावेत. इथे घाई केल्याने वाचलेला आठवडा पुढे महिनाभराच्या भांडणाने फेडावा लागतो.

मोकळ्या खोलीतली भेट

पहिली प्रत्यक्ष भेट पिंजऱ्यात घडवू नये, जोडीच्या पिंजऱ्यात तर मुळीच नाही. तो पिंजरा जोडीच्या हक्काचा मुलूख असतो. भेट कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या मोकळ्या जागेत व्हावी. बंद खोलीत दोन्ही पिंजऱ्यांची दारे एकाच वेळी उघडावीत आणि पक्ष्यांना आपणहून बाहेर येऊ द्यावे.

खोलीची तयारी आधी करावी. छताचा पंखा बंद असल्याची स्वतः खात्री करावी आणि त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावावी. घरात उडणाऱ्या पक्ष्यांसाठी पंखा हा सगळ्यात घातक. खिडक्या बंद करून पडदे ओढावेत, आरसे झाकावेत, पाण्याची बादली किंवा उघडे भांडे ठेवू नये. मांजर आणि कुत्रा घराच्या दुसऱ्या भागात बंद असावेत. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल किंवा सुगंधी फवारा त्या खोलीत नको. पक्ष्यांची फुप्फुसे अतिशय नाजूक असतात. नॉनस्टिक तवा जास्त तापला, तर त्यातून निघणाऱ्या वायूनेही पक्षी काही मिनिटांत दगावतात, म्हणून भेटीची खोली स्वयंपाकघरापासून लांबची निवडावी.

खोलीत दोन-तीन ठिकाणी बसायला फांद्या आणि प्रत्येक ठिकाणी थोडे दाणे ठेवावेत. पहिली भेट दिवसाउजेडी, वीस-तीस मिनिटांची पुरते. माणसाने खोलीत शांत बसून राहावे आणि पक्षी एकमेकांवर लादू नयेत. हातात धरून दुसऱ्याच्या जवळ नेणे तर टाळावेच. परत जाण्याची वेळ आली, की ज्याच्या त्याच्या पिंजऱ्यात खाऊ ठेवून त्यांना परत न्यावे. अशा भेटी आठ-दहा दिवस रोज झाल्या, की तिघांचे एकत्र उडणे, एकाच फांदीवर बसणे आणि एकाच वाटीत चोच घालणे सुरू होते. तोपर्यंत प्रत्येक भेटीवर माणसाची नजर हवी.

एका पिंजऱ्यात

एकत्र राहण्यासाठी नवा मोठा पिंजरा घेता आला, तर उत्तमच. तो तिघांनाही सारखाच अनोळखी असतो. जुनाच पिंजरा वापरायचा असेल, तर तो धुऊन घ्यावा, दांड्या आणि वाट्यांच्या जागा बदलाव्यात आणि शक्य झाल्यास त्याची खोलीतली जागाही बदलावी. जोडीने जपलेली आवडती जागा तशीच राहिली, तर तीच पहिल्या भांडणाचे कारण होते.

पिंजऱ्यात प्रत्येक गोष्ट मुबलक असावी. तीन पक्ष्यांना दाण्याच्या निदान तीन आणि शक्यतो चार वाट्या, त्याही एकमेकींपासून लांब. पाण्याच्या दोन-तीन वाट्या. सर्वांत उंच दांडी एकच नको, दोन किंवा तीन असाव्यात, कारण झोपताना प्रत्येकाला वर बसायचे असते. दांड्यांसाठी पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, औषध न फवारलेल्या झाडाच्या फांद्या चांगल्या, जाडी एक ते दीड सेंटिमीटर. कण्हेर आणि रुई यांच्या फांद्या विषारी असतात, त्या वापरू नयेत. पिंजऱ्याच्या एका भागात पानांची फांदी टांगली, तर दबलेल्या पक्ष्याला आडोसा मिळतो. हा आडोसा दोन्ही बाजूंनी उघडा असावा, पक्षी कोंडीत सापडता कामा नये.

तीन गोष्टी पिंजऱ्यातून काढून टाकायच्या. पहिली, मडके किंवा लाकडी खोका. आपल्याकडे बजींच्या पिंजऱ्यात छोटे मडके टांगण्याची पद्धत सर्रास आहे, पण मडके म्हणजे मादीच्या लेखी ढोली. ते दिसले, की ती त्याचे तोंड राखू लागते आणि नव्या पक्ष्यावर तुटून पडते. दुसरी, कापडी झोपड्या आणि आत शिरता येईल अशी कोणतीही वस्तू. तिसरी, आरसा, कारण आरशातल्या प्रतिबिंबावरूनही बजी भांडतात.

तिघांना एकत्र सोडण्यासाठी सुट्टीची सकाळ निवडावी, म्हणजे दिवसभर कुणीतरी घरात असते. नव्या पक्ष्याला तासभर आधी पिंजऱ्यात सोडून जागा पाहू द्यावी, मग जोडीला आत सोडावे. पहिले काही दिवस फक्त दिवसा एकत्र ठेवून रात्री वेगळे करावे. दिवस शांततेत गेले, की रात्रही एकत्र काढू द्यावी. बजीला रात्री दहा ते बारा तासांची सलग विश्रांती लागते. झोप अपुरी झाली, की तेही चिडचिड करतात.

कुरबुर आणि मारामारी

एकत्र राहणाऱ्या बजींमध्ये थोडी कुरबुर रोजचीच असते. दांडीवरून ढकलणे, चोच पुढे करून दुसऱ्याला सरकवणे, दोन-चार वेळा चोचीला चोच आपटणे, ओरडणे, वाटीवरून उठवणे हे सगळे क्रम ठरवण्याचे प्रकार आहेत. यात कुणी जखमी होत नाही आणि हटलेला पक्षी थोड्याच वेळात दुसऱ्या ठिकाणी खाऊ लागतो. अशा वेळी माणसाने मध्ये पडू नये. प्रत्येक वेळी हात घातला, तर त्यांचे आपापसातले ठरायला उशीर होतो.

मैत्रीच्या खुणाही स्पष्ट असतात. एकमेकांच्या डोक्यावरची पिसे साफ करणे ही सगळ्यात भरवशाची खूण, कारण डोक्याची पिसे पक्ष्याला स्वतःच्या चोचीने साफ करता येत नाहीत. नर मान वरखाली हलवत गातो, चोचीने टकटक करतो, दुसऱ्याला भरवतो. नरांमध्येही असे भरवणे चालते. झोपण्याआधी चोच घासल्याचा बारीक करकर आवाज येणे, एक पाय वर घेऊन बसणे, ही पक्षी निर्धास्त असल्याची लक्षणे.

धोक्याची लक्षणे वेगळी. एकच पक्षी पुन्हा पुन्हा पाठलागाचे लक्ष्य होतो. त्याला वाटीपाशी टिकू दिले जात नाही. दोन पक्षी एकमेकांत अडकून तळाशी पडतात. पाय, डोळे किंवा चोचीवरचा पट्टा धरून चावले जाते. डोक्यामागची पिसे उपटलेली दिसतात. पिछाडीवर पडलेला पक्षी तळाशी बसून राहतो. यातले काहीही दिसले, तर ताबडतोब वेगळे करावे. मारामारी सोडवताना हात मध्ये घालण्याऐवजी दोघांवर पातळ फडके टाकावे. रक्त दिसले, तर ते किरकोळ मानू नये. ३५ ग्रॅमच्या बजीच्या अंगात एकूण रक्तच सुमारे तीन मिलीलिटर असते, त्यामुळे थोडे थेंबही महागात पडतात. जखमेवर स्वच्छ कापसाने किंवा कापडाने हलका दाब द्यावा, छाती दाबली जाणार नाही असे धरावे, कारण छाती हलली नाही तर पक्ष्याला श्वासच घेता येत नाही. मग पक्ष्याला उबदार, अंधाऱ्या खोक्यात ठेवून पशुवैद्याकडे न्यावे.

वेगळे करताना कुणाला काढायचे, हेही महत्त्वाचे. दबलेल्या पक्ष्याऐवजी हल्ला करणाऱ्याला काही दिवस दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवावे. तो बाहेर असताना उरलेल्या दोघांची ओळख वाढते, आणि परत आल्यावर त्याच्या हक्काच्या जागाही बदललेल्या असतात.

जमले नाही तर

एकदा बिनसले, तर शेजारच्या पिंजऱ्यांच्या टप्प्यावर परत जावे आणि तिथून पुन्हा हळूहळू पुढे यावे. दुसऱ्या खेपेला बऱ्याचदा जमते. दोन-तीन वेळा प्रयत्न करूनही एखादी मादी हल्ला करतच राहिली, तर तिघांना एका पिंजऱ्यात ठेवण्याचा हट्ट सोडावा. दोन पिंजरे शेजारी ठेवून रोज काही वेळ खोलीत एकत्र उडू देणे, हीही चांगली व्यवस्था आहे. एकमेकांचा आवाज आणि सहवास मिळतो, जागेचे भांडण उरत नाही. नव्या पक्ष्यासाठी चौथा सोबती आणून दोन जोड्या करणे हा दुसरा उपाय, पण त्यालाही विलगीकरणापासूनचे सगळे टप्पे लागू होतात. नको असलेला पक्षी मोकळ्या हवेत सोडून देणे हा पर्याय होऊच शकत नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या बजीला इथल्या रानात अन्न शोधता येत नाही आणि कावळे किंवा शिकारी पक्षी त्याला टिकू देत नाहीत.

ओळख पूर्ण झाली असे कधी म्हणावे, याच्या तीन कसोट्या आहेत. तिघेही एकाच वेळी खातात आणि कुणालाही वाटीवरून कायमचे हटवले जात नाही. तिघेही रात्री साधारण एकाच उंचीवर झोपतात. सलग चार आठवडे कुणाचेही वजन उतरलेले नसते. सुरुवातीपासून इथवर पोचायला बहुधा दोन ते तीन महिने लागतात. त्यानंतरही आठवड्यातून एकदा वजन घेणे चालू ठेवावे, पिंजऱ्यात पुन्हा मडके टांगू नये, आणि वाट्या व दांड्या मुबलक राहतील याकडे लक्ष द्यावे. बजी चांगल्या देखभालीत पाच ते दहा वर्षे जगतो. एवढ्या वर्षांच्या सहवासापुढे सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांची शिस्त फार नाही, आणि तिघांचेही सुख तिच्यावरच अवलंबून असते.